टेस्ट पास झाली म्हणजे सील शाबूत आहेत, असं नाही

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ३०० मीटरचं ऑटोमॅटिक डायव्हिंग घड्याळ आठ वर्षांपूर्वी नवं घेतलं आणि आजवर एकदाही उघडलेलं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तलावात पोहताना ते हातात असतं, अधूनमधून समुद्रातही जातं. वेळ अजून चोख दाखवतं. एका दुकानात प्रेशर टेस्ट करून घेतली, ती पास झाली, आणि सील बदलायची गरज नाही असं दुकानदार म्हणाला. कंपनीचं सर्व्हिस सेंटर मात्र पूर्ण सर्व्हिसिंगच करा म्हणतंय. मग खरं कोणाचं? नुसते सील बदलून भागेल का? आणि शेवटी रबराची रिंगच तर आहे, मागवून घरी बदलली तर काय बिघडेल?

दुकानदार खोटं बोललेला नाही, आणि कंपनीवाले उगाच बिल फुगवतायत असंही नाही. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. टेस्ट एवढंच सांगते, की घड्याळ आज, जसं बंद आहे तसं, गळत नाही. सील अजून किती टिकतील हे तिला कळत नाही. तुम्हाला मात्र नेमकं तेच हवंय: पुढच्या महिन्यात पाण्यात उतरलो तर काय होईल?

आधी सील काम कसं करतं ते बघू. मागच्या झाकणाखालची ओ-रिंग बहुतेक घड्याळांत नायट्राइल रबराची असते, काहींत व्हायटनसारख्या फ्लुओरो-रबराची. नवी रिंग आडवी कापली तर छेद गोल दिसतो, जाडी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. झाकण आवळलं की ती खाचेत चेपते, आणि परत गोल व्हायच्या धडपडीत दोन्ही बाजूंच्या धातूवर रेटत राहते. पाणी अडवतो तो हा रेटा. नुसतं रबर मध्ये असून उपयोग नाही, ते जिवंत असावं लागतं.

वर्षानुवर्षं चेपून राहिलं की रबर हळूहळू तोच आकार कायमचा धरतं. आठ-दहा वर्षं न उघडलेलं झाकण काढलं की रिंग खाचेत चिकटून बसलेली असते, लाकडी काडीच्या टोकाने उचलावी लागते. भिंगाखाली धरली की वरची आणि खालची बाजू सपाट, कडा जवळजवळ चौकोनी, आणि खाच कातताना धातूवर राहिलेले बारीक वळसेसुद्धा रबरावर छापल्यासारखे उमटलेले दिसतात. चिमटीत वाकवली की बाहेरच्या अंगाला केसाएवढ्या चिरा उघडतात. आणि हीच रिंग तासाभरापूर्वी टेस्टमध्ये पास झालेली असते.

पास कशी झाली? कारण ती त्या खाचेच्या मापाचीच झालेली असते. जोवर कोणी हलवत नाही, तोवर प्रत्येक खाचखळगा ती भरून असते. पण तिच्यात रेटा उरलेला नसतो. घड्याळ आपटलं, झाकण केसाच्या अंशाएवढं सरकलं, किंवा उन्हात तापलेलं घड्याळ गार पाण्यात बुडवलं, की तिथे फट पडते, आणि ती भरून काढायला रबरात दम नसतो. पोलादाच्या तुलनेत रबर तापमानानुसार दहापटीहून जास्त प्रसरण-आकुंचन पावतं. नवी रिंग हा फरक सहज पचवते, मेलेली रिंग पचवू शकत नाही.

आता एक गोष्ट जी ऐकून बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही. तुमच्या घड्याळाला ३०० मीटरपेक्षा दोन मीटरचा धोका जास्त आहे. हिशोब करून बघा. दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. काचेचा व्यास ३० मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे सात चौरस सेंटिमीटर. ३०० मीटरवर त्या काचेवर दोनशे किलोहून जास्त भार येतो, दोन मीटरवर जेमतेम दीड किलो. खोलवर पाणीच काच आणि झाकण आत दाबतं, सीलला आणखी चेपतं, म्हणजे गळती बंद करायला मदतच करतं. उथळ पाण्यात ही मदत नसते, तिथे सीलला स्वतःच्या ताकदीवर उभं राहावं लागतं. म्हणून थकलेलं सील अनेकदा दहा बारला पास होतं आणि तलावात गळतं.

डायव्हिंग घड्याळांसाठीच्या आयएसओ ६४२५ या मानकातही हे दिसतं. त्यात घड्याळावर लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली घड्याळ दोन तास पाण्यात ठेवतात, आणि मग दाब ०.३ बारवर आणून आणखी एक तास. ०.३ बार म्हणजे तीन मीटर पाणी! एवढा मोठा दाब सोसल्यावर ही किरकोळ परीक्षा कशाला, असं वाटेल. पण माझ्या मते त्या कसोटीतला सगळ्यात शहाणपणाचा भाग तोच आहे.

याच ओघात एक गैरसमज. पोहताना हात मारला की दाब प्रचंड वाढतो, म्हणून १०० मीटरचं घड्याळ पोहायला चालत नाही, असं सर्रास सांगतात. सेकंदाला पाच मीटर वेगाने हात पाण्यात घातला तरी वाढणारा दाब ०.१२५ बार, म्हणजे सव्वा मीटर खोलीएवढा. दहा मीटर उंचीवरून सूर मारलात तर पाण्याला टेकताना वेग साधारण १४ मीटर प्रतिसेकंद होतो, आणि तेव्हाही जेमतेम एक बार भर पडते. घड्याळाच्या डायलवरचा आकडा दाबाबाबत बहुधा खराच असतो. तो आकडा फक्त नव्या सीलचा असतो, एवढंच लोक विसरतात.

तर मग पाणी शिरतं कुठून? माझ्याकडे ओली होऊन येणारी घड्याळं उघडली की माग बहुतेक वेळा चावीकडे जातो, म्हणजे क्राउनकडे. झाकण आणि काच एकदा बसवली की जागची हलत नाहीत. चावी मात्र फिरते, ओढली जाते, आवळली जाते, आपटते. तिथले सील हलत्या जागी काम करतात, म्हणून ते घासून झिजतात.

स्क्रूच्या चावीची रचना बघा. केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचात, एक बारीक नळी असते, तिला ट्यूब म्हणतात. तिच्या बाहेरच्या अंगाला आटे असतात आणि चावी त्यांवर आवळली जाते. चावीच्या आत एक रिंग असते, आवळल्यावर ती ट्यूबच्या तोंडावर दाबून बसते. याखेरीज ट्यूबच्या आत किंवा बाहेर आणखी एक-दोन ओ-रिंगा असतात, त्या चावी उघडी असतानाही थोडंफार काम करतात. रोलेक्सने १९७० साली आणलेल्या ट्रिपलॉक चावीत हेच सील वाढवलेले आहेत, चिन्हाखालचे तीन ठिपके ही तिची खूण. त्याआधीची दोन सीलवाली ट्विनलॉक १९५३ ची. पण सील कितीही असले तरी, चावी उघडी ठेवून पाण्यात जा असं कोणताही घड्याळजी सांगणार नाही.

आणि चावीच्या आतली ती रिंग बऱ्याच घड्याळांत सुटी बदलताच येत नाही. ती धातूच्या चकतीमागे कायमची बसवलेली असते. ती चपटली की अख्खी चावी नवी घालावी लागते. तसंच ट्यूबचं. आटे झिजून गोल झाले, किंवा कधी तिरकी चावी जोर लावून आवळली गेली आणि आटे कापले गेले, तर नवी रिंग घालून काही साधत नाही, कारण चावी रिंगवर सरळ दाबच देत नाही. म्हणून ‘सील बदलून द्या’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, की चावी आणि ट्यूब धरून म्हणताय की फक्त झाकणाची रिंग? कित्येक ठिकाणी ‘सील बदलले’ याचा अर्थ झाकणाची रिंग बदलली एवढाच असतो. ती बदलणं सोपं, आणि ती गुन्हेगार असण्याची शक्यता सगळ्यात कमी.

काचेच्या सीलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते नायलॉनसारख्या कडक प्लास्टिकचं, इंग्रजी आय किंवा एल अक्षराच्या छेदाचं असतं, आणि काच त्यात दाबून बसवलेली असते. ते बरंच टिकतं. पण काच एकदा काढली की जुनं सील परत वापरायचं नाही, हा नियम पाळावा.

पोहणाऱ्याच्या घड्याळावर खोलीपेक्षा इतर गोष्टींचे घाव जास्त पडतात. तलावातलं क्लोरीन, सनस्क्रीन, शॅम्पू आणि साबण हे सगळं चावीच्या कडेने आत मुरतं. रबर कडक होतं किंवा फुगतं, आणि चावीच्या आत करडा-हिरवट चिखल साठतो. साबणाने पाण्याचा पृष्ठताणही कमी होतो, म्हणजे जी फट साधं पाणी ओलांडणार नाही ती साबणाचं पाणी ओलांडू शकतं. गरम शॉवर, सॉना, गरम पाण्याचे टब यांत घड्याळ नेऊ नका असं जे सांगतात, त्यात दाबाचा काही संबंध नाही. उष्णता, वाफ आणि लगेच येणारा गारवा, या तिघांची ती करामत आहे.

समुद्राचं दुखणं निराळं. खारं पाणी झाकण आणि केसच्या फटीत अडकून राहतं. तिथे प्राणवायू कमी पडतो, क्लोराइड साठतं आणि स्टेनलेस स्टीललाही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. रोलेक्सने १९८५ पासून ९०४एल हे जास्त क्रोमियम-निकेल-मॉलिब्डेनमवालं पोलाद वापरायला सुरुवात केली त्यामागे हाच गंज होता. असा एक खड्डा रिंग टेकते त्या पट्टीला आडवा छेदून गेला, तर जगातली सगळ्यात चांगली रिंगही तिथे हरते. मग लेझरने भरून पट्टी पुन्हा कातावी लागते किंवा तो भाग बदलावा लागतो. तुमचं घड्याळ समुद्रात जातं आणि आठ वर्षं उघडलेलं नाही, म्हणून मला काळजी रिंगेपेक्षा या पट्टीची जास्त वाटते. टेस्टमध्ये हे खड्डे पट्टी ओलांडून आरपार जाईस्तोवर कळत नाहीत, भिंगाखाली मात्र बरंच आधी दिसतात.

आता दुकानात झालेली टेस्ट नेमकी कोणती होती, हे विचारून घ्या. बहुधा कोरडी टेस्ट असेल. घड्याळ बंद कप्प्यात ठेवून हवेचा दाब कमी-जास्त करतात आणि एक सुई काचेवर किंवा झाकणावर टेकवून केस किती मायक्रॉन वाकते ते मोजतात. दाब दिला की केस किंचित आत जाते. सील नीट असतील तर ती तशीच राहते, हवा आत शिरत असेल तर हळूहळू परत वर येते. पद्धत उत्तम आहे, पाण्याचा संबंध नाही. पण डायव्हिंग घड्याळांची काच आणि केस इतकी जाड असते की थोड्याशा दाबाने वाकणं जेमतेम मोजता येतं, आणि मग निकाल वाचणाऱ्याच्या अनुभवावर सगळं अवलंबून राहतं. गळती खूपच मोठी असेल तर हवा क्षणात आत जाते, केस वाकतच नाही, आणि टेस्टच्या मशीनला काहीच झालं नाही असं वाटू शकतं. शिवाय, घड्याळ मनगटावरून काढून तसंच गरम गरम आत ठेवलं तरी आकडे हलतात.

म्हणून विचारायचं ते असं: दाब किती बार दिला? निर्वात, म्हणजे उणे दाबाची टेस्ट केली का? माझ्या लेखी ती जास्त महत्त्वाची, कारण तिच्यात काच आणि झाकण बाहेर ओढली जातात आणि सीलला स्वतःच्या रेट्यावर तग धरावा लागतो. छापील निकाल मिळतो का? नुसतं ‘पास’ म्हणणाऱ्याकडून ही उत्तरं आली नाहीत तर त्या टेस्टला मी फारशी किंमत देत नाही.

दुसरी पद्धत बुडबुड्यांची. घड्याळ पाण्याच्या वर टांगून हवेचा दाब चढवतात, काही मिनिटं थांबतात, मग पाण्यात उतरवून दाब हळूहळू सोडतात. गळती असेल तर आत शिरलेली हवा बुडबुड्यांच्या माळेने बाहेर येते, आणि नेमकी कुठून ते डोळ्यांना दिसतं. केसला इकडेतिकडे चिकटलेले सुटे बुडबुडे म्हणजे गळती नव्हे. माळ दिसली की दाब सोडणं तिथेच थांबवून घड्याळ लगेच वर उचलायचं असतं, नाहीतर दाब उतरल्यावर पाणी आत शिरतं. मी कोरड्या टेस्टनंतरच हिच्याकडे वळतो, तेही शक्यतो घड्याळाचं आतलं यंत्र बाहेर काढलेल्या रिकाम्या केसवर.

लिहिलेल्या खोलीपर्यंतची खरी पाण्यातली टेस्ट त्यानंतरची. तिच्या शेवटी घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या गरम तबकडीवर ठेवून काचेवर गार पाण्याचा थेंब सोडतात. मिनिटभराने थेंब पुसल्यावर काचेच्या आत धुकं दिसलं तर आत ओलावा आहे. सगळ्यात साधी आणि सगळ्यात निर्दय चाचणी हीच.

सील बदलतो म्हणजे मी काय करतो, तेही सांगतो, म्हणजे घरी करायचं की नाही याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. उघडण्याआधी केस बाहेरून घासून स्वच्छ करतो, नाहीतर आट्यांतली वाळू थेट यंत्रात पडते. झाकण काढून यंत्राला हात लावण्याआधी टायमिंग मशीनवर त्याची तब्येत बघतो. मग यंत्र काढून रिकामी केस अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ काढणाऱ्या मशीनमध्ये, धुतो, खाच आणि पट्टी लाकडी काडीने साफ करतो, भिंगाखाली पूर्ण वर्तुळ तपासतो. या तपासणीला रिंग बसवण्यापेक्षा जास्त वेळ जातो, आणि जायलाच हवा. डोक्याचा एक केस किंवा कापसाचा तंतू पट्टीवर राहिला तरी रिंग त्याच्या दोन्ही बाजूंना उचलली जाते, आणि तो तंतूच पाण्याची वाट होतो.

रिंग त्या मॉडेलचीच लागते. आतला व्यास आणि जाडी, दोन्ही मापं जुळली पाहिजेत, आणि इथे एक दशांश मिलिमीटरही मोठा फरक असतो. बारीक रिंग चेपतच नाही. जाड रिंग खाचेत मावत नाही, झाकण फिरवताना चिमटली जाते आणि कापली जाते. लहान रिंग ताणून बसवली की ती बारीक होते आणि खाचेत आतल्या बाजूला सरकते. सिलिकॉन रबराची मऊ रिंग छान वाटते, पण तिच्यातून बाष्प इतर रबरांपेक्षा बरंच जास्त आरपार जातं, म्हणून मी ती कंपनीने दिली असेल तरच वापरतो.

ग्रीसबद्दल लोकांची समजूत अशी, की पाणी तेच अडवतं. तसं नाही. ग्रीसचं काम एवढंच, की झाकण आवळताना रिंगेने घसरावं, गोळा होऊ नये, आणि चावीतली रिंग कोरडी घासू नये. रिंग नुसती चमकेल इतका सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो. जास्त थापलं तर धूळ आणि तंतू चिकटतात, आणि ते ओघळून यंत्रापर्यंत जातं. सिलिकॉन रबरावर सिलिकॉन ग्रीस लावू नये, ते रबर फुगतं. व्हॅसलीन, घरातलं तेल, गंज सोडवायचे स्प्रे यांचं नाव काढू नका; काही रबरं खनिज तेलाने सुजून निकामी होतात.

तर घरी करावं का? झाकणाची रिंग, योग्य ओपनर आणि योग्य माप मिळालं तर, सावध माणूस बदलू शकतो. ओपनर घसरला तर झाकणावर ओरखडा, फार तर तेवढंच. पण चावी बदलताना स्टेम, म्हणजे चावीची यंत्रात जाणारी दांडी, नेमक्या लांबीला कापावी लागते, ट्यूब काढायला तिचं खास अवजार लागतं, काच सरळ दाबायला प्रेस लागते. आणि सगळं बरोबर केलं असं गृहीत धरलं तरी घरी टेस्ट कशी करणार? शेवटी पहिली टेस्ट तलावातच होईल. स्वस्तातल्या घड्याळावर हात बसवायला माझी हरकत नाही. या घड्याळावर नको.

आता ‘नुसते सील की पूर्ण सर्व्हिसिंग’. हे खरोखर परिस्थितीवर आहे. वेळ बरोबर दाखवतंय म्हणजे यंत्रात तेल शिल्लक आहे असं मानू नका. कोरडं पडलेलं यंत्रही बरेच दिवस वेळ राखतं, फक्त चाकांची टोकं खात राहतं. खरी खूण अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चाकाचा झोका किती अंशांचा आहे ती. पूर्ण चावी दिलेलं घड्याळ आडवं ठेवून झोका २७० अंशांच्या आसपास असेल आणि उभ्या स्थितींत फार कोसळत नसेल, तर मी नुसते सील, चावी आणि गरज असल्यास ट्यूब बदलून देतो आणि यंत्राला हात लावत नाही. झोका २२० च्या आसपास घुटमळत असेल तर सर्व्हिसिंग करायला लावतो. काही यंत्रांचा झोका मुळातच कमी असतो, तेव्हा आकडा कंपनीच्या मापाशी ताडून बघायचा. ट्यूब आणि काच बदलायला यंत्र बाहेर काढावंच लागतं, त्यामुळे अर्धी मेहनत तशीही झालेली असते. आठ वर्षांच्या, पाण्यात जाणाऱ्या घड्याळात दोन्ही कामं एकदम करणं मला पटतं, पण आकडा बघितल्याशिवाय मी ते लादणार नाही. तुम्हीही आकडा मागा. शिवाय काही कंपन्या चावी-ट्यूबसारखे सुटे भाग बाहेर देत नाहीत. अशा वेळी अंदाजे जुळणारा भाग घालण्यापेक्षा कंपनीकडेच पाठवलेलं बरं.

तुमच्या मॉडेलला हेलियम व्हॉल्व्ह असेल तर तोही तपासून घ्या. तो तुमच्यासाठी नाही. दिवसेंदिवस हेलियममिश्रित हवेच्या दाबकक्षात राहणाऱ्या व्यावसायिक डायव्हरांच्या घड्याळात हेलियम सीलमधून झिरपतं आणि दाब उतरताना काच उडवू शकतं, म्हणून ते बाहेर सोडायला तो आला. स्प्रिंग आणि एक रिंग एवढाच त्याचा संसार, पण पाणी शिरायची ती आणखी एक जागा आहे. सेइकोने १९७५ च्या ६०० मीटरच्या घड्याळात मागचं झाकणच न ठेवता एकसंध केस आणि एल आकाराचं सील वापरून हेलियमच आत येऊ दिलं नाही. ती वाट मला जास्त आवडते, पण तो चवीचा भाग झाला.

किती दिवसांनी बदलायचे, याला एक ठराविक आकडा नाही. तुमच्यासारखं वापरणाऱ्याला मी दर वर्षी टेस्ट आणि दोन-तीन वर्षांनी चावीचे सील असं सांगतो. झाकण जेव्हा जेव्हा उघडेल तेव्हा त्याची रिंग नवी, मग कारण काहीही असो. बॅटरीच्या घड्याळात सेल बदलतानाही हेच, आणि तिथेच ते सर्वांत जास्त विसरलं जातं. पाणी न बघणाऱ्या घड्याळाला पाच वर्षं चालतात. चाळीस-पन्नास वर्षांची जुनी डायव्हिंग घड्याळं मात्र सगळे सील नवे घालूनही पाण्यात नेऊ नयेत. धातूचीच झीज झालेली असते आणि तसा डायल परत मिळत नाही.

रोजच्या वापरात दोन सवयी पुरेत. समुद्र किंवा तलावातून आल्यावर चावी बंद आहे हे बघून साध्या पाण्याखाली धरा, बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, फिरवत. आणि चावी आवळताना आधी किंचित उलटी फिरवा, आटा जागेवर बसल्याचं बोटाला कळतं, मग सुलट. थांबली की थांबा. जोर लावून आवळली की सील जास्त घट्ट होत नाही, लवकर चपटतं.

आणि काचेच्या आत कधी धुकं दिसलंच, तर हेअर ड्रायर, तांदळाचा डबा, ऊन यांतलं काही करू नका. बाहेरच्या उष्णतेने ओलावा काचेवरून उठून यंत्रावर बसतो, बाहेर जात नाही. साधं पाणी असेल तर त्याच दिवशी घड्याळजीकडे पोहोचवा. खारं पाणी असेल तर त्याच तासाला निघा, कारण पोलादी स्प्रिंगा आणि स्क्रूंवर गंज धरायला रात्रसुद्धा लागत नाही.

तुमच्या बाबतीत मी काय करेन ते सांगतो. घड्याळ उघडायला द्या. अँप्लिट्यूड, सील टेकण्याची पट्टी आणि ट्यूबचे आटे, या तिन्हींचा अहवाल मागा आणि त्यावरून किती काम करायचं ते ठरवा. झाल्यावर निर्वात आणि दाब अशा दोन्ही टेस्टचे आकडे लेखी घ्या. तोवर पोहायला जाताना ते घरी ठेवा, पास झालेल्या टेस्टचा कागद हातात असला तरी.